पानावरचा आडवा हात

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो, खरं उत्तर द्या हं! जेवताना ‘पुरे’ कुणी म्हणायचं? वाढप्यानं? शेजारच्यानं? की ज्याच्या पोटात जातंय त्यानं? हसताय काय, आधी ढेरी लपवा!

वडजाई देवीच्या गडाखाली एक गाव. तिथला तुळोजी गव्हाणे म्हणजे पंगतीतला पहिलवान! चाळीस जिलब्यांची पैज मारलेला! तो बसला की वाढपी परात घेऊन समोर उभेच — "घ्या तुळोजीबुवा, गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे!" आणि हा भोळा, अब्रूसाठी गिळायचा!

पण जीव कशात? देवीच्या पालखीत! पुढचा दांडा गव्हाण्यांचा, तीन पिढ्यांचा मान. एका यात्रेला निम्म्या पायऱ्यांवरच धाप लागली — खांदा काढून घ्यावा लागला! पालखी वर गेली आणि तुळोजी पायरीवर बसून ढसाढसा रडला हो!

मग पेटला गडी! "आजपासून जेवण बंद!" नुसतं ताक आणि काकडी! पाचव्या दिवशी बायको, सगुणा, कोठीत गेली, तर हा लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसलेला — तोंड भरलेलं, डोळ्यांत पाणी!

तिनं डबा ओढला नाही. शेजारी टेकली. "अहो, भूक लागलीय का?"

"कुणास ठाऊक! मला हे कुणी कधी विचारलंच नाही गं."

"मग आता मी विचारीन. लागली असेल तर पोटभर जेवा, लाडूही खा. भरलं की थांबा."

एवढंच! कधी तीन भाकरी, कधी दीड. चुकला, पुन्हा शिकला. भाकरी गोड असते हे त्याला पन्नाशीत कळलं!

वर्ष सरलं, यात्रा आली. सकाळची पंगत, परात पुढे! तुळोजीनं दोन जिलब्या घेतल्या, डोळे मिटून चवीनं खाल्ल्या. तिसरी आली आणि — पानावर हात आडवा!

"पुरे. पोट भरलं."

वाढपी म्हणाला, "बुवा, गावाची अब्रू?"

"ती आता खांद्यावरून न्यायचीय!"

उठला, दांडा घेतला! पायरीमागून पायरी — कुठं थांबणं नाही, खांदा बदलणं नाही! वर पोचून आरोळी ठोकली, "वडजाईचा उदो उदो!" खाली सगुणा रडत होती आणि हसतही होती!

आता तुमच्याकडे येतो. कीर्तनानंतर महाप्रसाद आहे, बुंदीचा वास मलाही आलाय! आवडीनं खा, लाजू नका, पण एकदा पोटाला विचारा. घरादाराचं उरलंसुरलं संपवणाऱ्या मायबहिणींनो, तुम्हीसुद्धा! आणि वाढप्यांनो, पानावर हात आडवा दिसला, तर त्या हाताला नमस्कार करा आणि पुढं सरका!