मधी हिरवा, भायेर केशरी

सोलापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मोहोळचं एक वयस्क जोडपं बसलं होतं. तपासणी झाली होती, आता फक्त चिठ्ठीची वाट होती.

“दोन वर्सं आदी आला असता तर नजर राखता आली असती म्हणाले डॉक्टर.”

“ऐकलं मी बी.”

“असू दे. हातातलं मॉडेल तेवढं पुरं करतो, प्रभा. हेलिकॉप्टरवरचा गोल ऱ्हायलाय नुसता. एअरफोर्सात वीस वर्सं तोच रंगवला, डोळं झाकून जमंल. मधी हिरवा, मग पांढरा, भायेर केशरी.”

“मागच्या मॉडेलवर उलटा झालाय वो.”

“उलटा म्हंजे?”

“मधी केशरी, भायेर हिरवा.”

“कुठल्या मॉडेलवर?”

“आदिनाथच्या आईला दिलं त्याच्यावर.”

“अगं, तिचं पोरगं ज्याच्यातनं पडून गेलं तेच हेलिकॉप्टर करून दिलं तिला. शेपटीवर नंबर बी तोच घातला. आन् तू बघून गप बसलीस?”

“तुमी लई खूश होता त्या दिशी.”

“फोन लाव. परत आणू, नीट करून देतो.”

“कोण करणार वो आता?”

“तिच्या ध्यानात तरी आलं नसंल.”

“आलं की. मला सैपाकघरात नेऊन म्हणाली, तुझ्या एकनाथला डोळ्याच्या डॉक्टरकडं ने.”

“कवा म्हणाली?”

“चिठ्ठी झाली का बघून येते.”

“प्रभा, कवा म्हणाली ती?”

“दोन वर्सं झाली.”