रेणूच्या सायकलचा फोर्क

"आजी, तुले याच्यातलं काय समजते? बाजूले हो!"

"काहून होऊ? तुह्या बापाच्या जन्माआधी सायकल हाणली म्या!"

असं आमचं, माझं आणि नात रेणूचं, धनज गावातल्या आमच्या अंगणात जुंपलं होतं. दुसऱ्या दिवशी तिची डोंगरउताराची शर्यत, आणि सायकलचा पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा फोर्क दगड लागला की तळापर्यंत दबून ठणकन आदळायचा. अशानं तोंडावर पडली असती पोरगी. त्या फोर्कात हवा असते, आपल्या वजनानं तो किती दबतो हे पाहून ती कमीजास्त करतात. रेणू सीटवर बसून मोजायची, "कमीच दबून राह्यला" म्हणायची आणि अजून हवा सोडायची.

मला सायकलवरून बाजारात न्यायची माझी वांग्याची टोपली आठवली. सायकल आमच्या ह्यांची, दांड्याची. लुगड्यात दांड्यावरून पाय टाकता येत नव्हता, म्हणून मी खालून पाय घालून कैची मारायची. कामरगावच्या बाजारापर्यंत सगळी वाट उभ्यानं! शिकवलं कोणी नाही, दोनदा नाल्यात पडले आणि शिकले. उतार लागला की सगळा भार पुढच्या चाकावर यायचा, मनगटं भरून यायची. तरी काय मजा होती हो त्या वाऱ्यात!

मी विचारलं, "डोंगर उतरतानी तू सीटवर बसतं का?"

"नाही. पायडलवर उभीच राहतो."

"मंग उभी राहून मोज ना माय, मांगच्या चाकावर भार देऊन बसून कायले मोजून राह्यली!"