रक्ताचा नवस

हसू नको विमल, पण यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ दे, असा नवस मी एकदा देवीला बोलले होते.

मी दात घासले की रक्त यायचं. हे दिवसभर बिडी ओढायचे, तरी यांची चूळ स्वच्छ. रोज नळापाशी टोमणा ठरलेला, "तुह्ये एवढे उपास, तरी रक्त काहून येऊन राहिलं? माह्या हिरड्या पाह्य!" असा जळफळाट व्हायचा की शेवटी देवीपुढे तेच मागून बसले.

मग मला दाखवायला भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी माझे दात साफ केले अन् यांनाही खुर्चीत बसवलं.

"काका, बिडीनं तुमच्या हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आवळल्यात, म्हणून रक्त दिसत नाही. आत रोग वाढलाय. हे दोन दात तर हलतायत."

"बिडी सोडली तर?" मी विचारलं.

"तर हिरड्या सुधारतील. सुरुवातीला रक्त येईल कदाचित, घाबरू नका."

यांनी धसक्यानं बिडी सोडली. काही दिवसांनी नळापाशी ओरडले, "अवं, रक्त आलं! अन् तुह्यं काहून नाही येऊन राहिलं?"

मी हसत देवीची ओटी भरायला निघाले.

तुझ्या घरचेही ओढतात ना? त्यांना दवाखान्यात ने, अन् तूही हाच नवस बोल.