नेच्यांमधले सुरवंट

सून : म्हणजे सगळेच काढलेत, आई?

सासू : एकही ठेवला नाही. भिंतीच्या सावलीत तुझे ते नेचे, फर्न म्हणतेस ते, आहेत ना, त्यांच्या अगदी पोटात बसले होते मेले. तपकिरी, केसाळ, अंगाचं वेटोळं करून.

सून : मग?

सासू : मारले नाहीत हो. जीव तो जीव. सुपलीत भरले आणि कुंपणापलीकडच्या गवतात सोडले. म्हटलं, खा तिकडे पोटभर. पण चिवट किती! चिमट्यानं ओढावे लागले.

सून : हलत होते का ते?

सासू : घाबरले असतील.

सून : आई, ते सुरवंट नव्हते. नेच्याची नवी पानं होती. आधी अशीच गुंडाळी येते, लव पांघरून. मग उलगडते.

सासू : (हळूच खुर्चीत बसत) अगंबाई. कोंब खुडले मी? एवढी जपतेस तू त्यांना.

सून : जुनी पानं बारा महिने हिरवी असतात त्यांची. त्यांच्या जोरावर झाड तगेल, उशिरानं का होईना, फुटेल. त्याचं काही नाही.

सासू : मग तोंड का असं?

सून : गेल्या वर्षी असेच कोंब तुम्ही मला दाखवले होते. म्हणालात, बघ, तान्ह्या बाळाची मूठ जशी.

सासू : म्हणाले असेन.

सून : कधीपासून नीट दिसत नाहीये?

सासू : दिसतं गं. सकाळचं जरा धुकं असतं.

सून : घरातसुद्धा? प्रार्थनेचं पुस्तक समोर उघडं असतं, पण हल्ली पान उलटत नाही.

सासू : पाठ आहे मला. देव काय पान कितवं ते बघतो?

सून : मला सांगायचं तरी.

सासू : सांगितलं असतं, तर बाळाला माझ्यापाशी ठेवून कामाला गेली असतीस?

सून : नसते गेले.

सासू : झालं तर मग.

सून : उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. तुमचे डोळे बरे होईस्तोवर मी रजा काढते.

सासू : आणि बाळाची अंघोळ?

सून : तुम्हीच घाला. मी शेजारी बसेन.

सासू : बस. पण मध्ये हात घालायचा नाही.