रात्रपाळीचा गोलकीपर

बन्सीलाल : या क्लबला आता कुणीही वाचवू शकत नाही. साक्षात ब्रह्मदेव खाली उतरला, चड्डी-बनियन घालून मधल्या फळीत उभा राहिला, तरी नाही. चार तोंडं असून त्याला पास कुणाला द्यावा ते कळणार नाही.

हर्षदा : आबा, आधी दात लावा. ब्रह्मदेवाच्या पुढचं काही कळलं नाही.

बन्सीलाल : कुठे आहेत?

हर्षदा : खिडकीत, तुमच्या वाटीत. सासूबाई गावाला जाताना सांगून गेल्यात, दात लावल्याशिवाय त्यांना चहा द्यायचा नाही.

बन्सीलाल : पारोळ्याला बसून भेस्तानवर राज्य करते ती. हं. आता ऐक.

हर्षदा : बोला. हात कामात आहेत, कान मोकळे आहेत.

बन्सीलाल : खान्देश इलेव्हन, भेस्तान, सुरत. एके काळी या नावाला वजन होतं. कडोदऱ्याची टीम आमच्याशी मॅच म्हटली की बस चुकवायची. मुद्दाम. आणि आता बघ. कामरेजवाले पहिल्या नंबरावर बसलेत, त्यांना आपण चार गोल घातले. मी म्हटलं, पनवती गेली. पुढच्या रविवारी कोण, तर विमा एजंटांची टीम. एकेकाचं पोट असं, की पायाखालचा चेंडू दुसऱ्याने सांगावा लागतो. त्यांच्या सेंटर फॉरवर्डने हाफ टाइमला आपल्या प्रवीणला पॉलिसी विकली आणि सेकंड हाफमध्ये तीन गोल घातले.

हर्षदा : प्रवीणभाऊंनी घेतली पॉलिसी?

बन्सीलाल : घेतली. अपघाताची.

हर्षदा : बरं केलं.

बन्सीलाल : यात बरं काय? अगं, हा काय सीझन आहे? एक रविवार वाघ, एक रविवार मांजर. वाईट टीम असली तर माणूस निदान शांतपणे वाईट बोलू शकतो. ही टीम धड शिव्यापण देऊ देत नाही. मी सगळं करून पाहिलं. बसायची जागा बदलली. टोपी बदलली. गोलच्या मागे ती काळी बकरी चरते, तिच्या मालकाला जाऊन भेटलो. कामरेजच्या मॅचला घातलेला शर्ट तसाच ठेवला होता, घामाचा.

हर्षदा : तो मी धुतला.

बन्सीलाल : माहीत आहे. विमावाल्यांच्या आदल्या दिवशी धुतलास. मी घरात कुणाला बोललो नाही.

हर्षदा : वास येत होता, आबा.

बन्सीलाल : चार गोलांचा वास होता तो. जाऊ दे. गेल्या रविवारी पुन्हा वाघ, जिंकलो. आणि आता हा रविवार. सीझनची शेवटची मॅच, समोर कडोदरा. जिंकलो तर राहिलो. हरलो तर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. तिथे कोण खेळतं, माहीत आहे? ज्यांना गोलला जाळी नाही असे लोक. गोल झाला की चेंडू आणायला एक जण नहरपर्यंत जातो. तू सुईदोरा घेऊन काय शिवी ऱ्हायनी एवढा वेळ?

हर्षदा : शर्ट. ह्यांचा.

बन्सीलाल : बाही उसवली? खिळ्यात अडकली असेल.

हर्षदा : सांगते. आधी एक विचारू का? मला फुटबॉलमधलं काही कळत नाही.

बन्सीलाल : विचार ना. ज्यांना कळतं ते सगळे रेफरी झालेत.

हर्षदा : तुम्ही ज्या रविवारी हरता, त्या आठवड्यात मी टिफिन संध्याकाळी भरलेला असतो.

बन्सीलाल : थांब. थांब जरा. पुन्हा बोल.

हर्षदा : टिफिन सकाळी भरला त्या आठवड्यात तुम्ही जिंकता. संध्याकाळी भरला की हरता. कामरेजच्या वेळी सकाळी भरत होते.

बन्सीलाल : आणि विमावाले?

हर्षदा : संध्याकाळी.

बन्सीलाल : भाजी कोणती होती?

हर्षदा : आबा.

बन्सीलाल : नाही, विचारावं लागतं. गिलक्याची भाजी मला पहिल्यापासून संशयास्पद वाटते.

हर्षदा : भाजीचं काही नाही हो. संध्याकाळी टिफिन म्हणजे रात्रपाळी. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. तुमचा गोलकीपर, म्हणजे हे, आणि मागचे सगळे एकाच कारखान्यात, एकाच पाळीत. वाघ-मांजर काही नाही. ज्या रविवारी झोपून येतात त्या रविवारी जिंकतात.

बन्सीलाल : ह्या. रात्रपाळ्या आम्ही नाही केल्या? रात्रभर कापडाच्या लूम चालवल्या आणि खेळलो. खेळायला छाती लागते, झोप नाही लागत.

हर्षदा : किती वाजता खेळायचे तुम्ही?

बन्सीलाल : पाचला.

हर्षदा : पहाटे?

बन्सीलाल : पहाटे कशाला? संध्याकाळी. उन्हं उतरली की.

हर्षदा : म्हणजे दिवसभर झोपून.

बन्सीलाल : हां, म्हणजे… तुझी सासू पोरांना घेऊन शेजारी जाऊन बसायची. आवाज नको म्हणून. तेव्हा मैदान आपलं होतं. आता दुपारपासून क्रिकेटवाले असतात. आपल्याला सकाळी आठ ते दहा देतात, तेही उपकार केल्यासारखे.

हर्षदा : आणि ह्यांची पाळी सुटते सातला.

बन्सीलाल : मधे एक तास आहे ना.

हर्षदा : आहे. त्यात भेस्तान फाटकाचा ट्रॅफिक आहे.

बन्सीलाल : तू आज फार बोलतेस.

हर्षदा : रोज मनात बोलते. विमावाल्यांचा दुसरा गोल आठवतो?

बन्सीलाल : विसरीन का? अंगणातून कोंबडी जाते तसा चेंडू गेला. हळू. आणि हा खांबाला टेकून उभा. मी भोंग्यातून ओरडलो, अरे दगडा. सगळ्या मैदानाने ऐकलं.

हर्षदा : त्यांनी नाही ऐकलं. झोपले होते ते.

बन्सीलाल : उभ्या उभ्या?

हर्षदा : उभ्या उभ्या. घरी येऊन मला हसत सांगत होते. म्हणे, स्वप्न पडलं, स्वप्नात मी तो अडवला.

बन्सीलाल : …मला तर म्हणाला, उन्हाने डोळे दिपले.

हर्षदा : ढग होते त्या दिवशी, आबा. चहा गार होतोय.

बन्सीलाल : होऊ दे.

हर्षदा : ह्यांच्या आधी गोलमध्ये लखनभाऊ असायचे ना?

बन्सीलाल : लखन. काय हात होते त्याचे. चेंडू असा यायचा, जणू पाहुणा आलाय आणि हा दारात उभा आहे.

हर्षदा : त्यांची बोटं कधी गेली?

बन्सीलाल : लूममध्ये गेली. सगळ्या सुरतेत जातात. त्याचा फुटबॉलशी काय संबंध?

हर्षदा : कधी गेली तेवढंच विचारते.

बन्सीलाल : सोमवारी.

हर्षदा : आणि रविवारी?

बन्सीलाल : रविवारी सेमीफायनल होती. जिंकलो होतो. पेनल्टी अडवली त्याने. मी त्याला खांद्यावर घ्यायला गेलो, तर दोघंही पडलो. रात्रपाळीहून आला होता, पुन्हा संध्याकाळी कामावर गेला. तिथून दुसऱ्या दिवशी… दवाखान्यात भेटायला गेलो, तर हाताला हे एवढं बँडेज, आणि मला विचारतो, आबा, फायनलला गोलमध्ये कोण? मी म्हटलं, काळजी करू नको. मना आंडोर शे ना.

हर्षदा : हो. तुमचा मुलगा होता ना.

बन्सीलाल : तू माझ्याशी बोलत नाहीयेस, हर्षदा. तू मला कापते आहेस.

हर्षदा : ना ना, आबा, शिवतेय. ही बाही खिळ्यात नाही अडकली. परवा पहाटे लूमच्या पट्ट्यात गेली. ह्यांचा डोळा लागला होता. प्रवीणभाऊ शेजारच्या लूमवर होते, त्यांनी धावत जाऊन मोटर बंद केली. बाही गेली. हात राहिला.

बन्सीलाल : मला कुणी सांगितलं नाही.

हर्षदा : तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. तुम्हाला कडोदऱ्याचं टेन्शन होतं.

बन्सीलाल : हं.

हर्षदा : ह्या आठवड्यात पण रात्रपाळी आहे. रविवारी मॅच खेळतील, दुपारी इथे पत्र्याखाली तळमळतील, संध्याकाळी पुन्हा लूमवर. तुम्ही त्यांना सांगा, खेळू नको.

बन्सीलाल : तू सांग. तू बायको आहेस.

हर्षदा : सांगितलं. म्हणाले, आबांना दुसरं आहे काय.

बन्सीलाल : असं म्हणाला?

हर्षदा : वाईट अर्थाने नाही.

बन्सीलाल : मला वाटायचं त्याला दुसरं काही नाही. कारखाना आणि घर. म्हटलं, आठवड्यातून एकदा तरी पोऱ्याला कुणी टाळ्या वाजवाव्यात. मी काय बकरीवाल्यासाठी जातो का तिथे? पण हर्षदा, दुसरा गोलकीपर नाही. तो नाही उतरला तर आपण हरलो. हरलो तर खाली. एकदा खाली गेलो की हे सकाळचं मैदानपण क्रिकेटवाले घेतील. मग क्लब म्हणजे काय, माझा भोंगा आणि एक फाटकी जाळी.

हर्षदा : मग तुम्ही उभे राहा गोलमध्ये.

बन्सीलाल : मला चेंडू दिसत नाही.

हर्षदा : त्यांना तरी कुठे दिसतो? डोळे मिटलेले असतात.

बन्सीलाल : …चप्पल वाजली. आला वाटतं.

हर्षदा : मी चहा टाकते. तुम्ही बोला.

(भूपेंद्र येतो. केसांत धाग्यांची कुसं, कानांत अजून कापसाचे बोळे. बाप खाटेवर बसला आहे. तो उभाच राहतो.)

भूपेंद्र : आबा, उठलात पण? बरं वाटत नाही का?

बन्सीलाल : ओरडू नको. कानातला कापूस काढ.

भूपेंद्र : हां. राहिलाच. काय म्हणत होतात?

बन्सीलाल : काही नाही. रविवारचं बोलायचं होतं.

भूपेंद्र : सगळं सेट आहे. बूट कारखान्यातच नेऊन ठेवतो, सातला सुटलो की तिकडून सीधा ग्राउंडवर. तुम्ही फक्त भोंग्याचे सेल बदला, मागच्या वेळी आवाज बसला होता.

बन्सीलाल : मी येणार नाही रविवारी.

भूपेंद्र : काय झालं? छातीत दुखतंय?

बन्सीलाल : छाती ठणठणीत आहे. कंटाळा आला.

भूपेंद्र : कसला?

बन्सीलाल : फुटबॉलचा.

भूपेंद्र : तुम्हाला?

बन्सीलाल : का, मला येऊ शकत नाही? तेच ते. बावीस जण एका चेंडूमागे. पाहून पाहून मान दुखते.

भूपेंद्र : आबा, कडोदरा आहे समोर. शेवटची मॅच आहे.

बन्सीलाल : कडोदरा कुठे पळून जात नाही. फारतर बस चुकवेल.

भूपेंद्र : हर्षदाने काही सांगितलं का तुम्हाला?

बन्सीलाल : ती काय सांगणार? तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही.

भूपेंद्र : तुम्ही येणार नाही, तर मग मी… म्हणजे, मी तरी कशाला…

बन्सीलाल : तेच म्हणतो.

भूपेंद्र : पण गोलमध्ये कोण उभं राहील?

बन्सीलाल : प्रवीणला उभं करा. त्याची पॉलिसी आहे.

भूपेंद्र : तोपण रात्रपाळीतच आहे, आबा.

बन्सीलाल : मग कुणी नको. मोकळा ठेवा गोल. कडोदऱ्याच्या लोकांना संशय येईल, ते जवळ येणार नाहीत.

भूपेंद्र : खाली जाऊ आपण.

बन्सीलाल : जाऊ.

भूपेंद्र : पुढच्या वर्षी येऊ परत वर.

बन्सीलाल : पुढच्या वर्षी रात्रपाळी नसेल का?

भूपेंद्र : असेल ना. शेठ आणखी लूम टाकतोय, माणसं तेवढीच.

बन्सीलाल : हं. हात दखाड.

भूपेंद्र : कशाला?

बन्सीलाल : दाखव म्हटलं ना. दोन्ही.

भूपेंद्र : काळे आहेत. धुतले नाहीत अजून.

बन्सीलाल : असू दे. उलटे कर. हं. हे नख कधी गेलं?

भूपेंद्र : ते जुनं आहे. कामरेजच्या मॅचला बूट पडला होता त्याच्यावर.

बन्सीलाल : मी पाहिलं नाही.

भूपेंद्र : तुम्ही नाचत होतात.

बन्सीलाल : बाकी आहेत सगळी.

भूपेंद्र : काय, बोटं? आहेत ना. मोजताय काय, आबा?

बन्सीलाल : नाही. बघतोय. असे लांब नव्हते तुझे हात. लहानपणी चेंडू फेकला की तू छातीने अडवायचास आणि रडायचास. रडत रडत परत फेकायचास. मला वाटायचं, पोऱ्याला खेळायचंच आहे. आता तुला एक सांगतो, भूपेंद्र, नीट ऐक. माणूस आयुष्यभर एखाद्या टीमच्या मागे उभा राहतो, आणि त्याला वाटतं की आपण ओरडतो म्हणून तिकडे चेंडू अडतोय. आणि खरं पाहिलं तर…

भूपेंद्र : आबा.

बन्सीलाल : बोल.

भूपेंद्र : जरा उठता का? उशी तुमच्या खाली आहे.