अकोल्यात न उघडलेला कोर्स

आमच्या वैशूचं काय झालं, ऐका. अमरावतीच्या कॉलेजात तिनं वर्षभर खपून मातीपरीक्षणाचा ऑनलाइन कोर्स बनवला. नापिकीनं पोरंच येईनात, कॉलेज बंद पडलं. अकोल्यात नोकरी लागली, तेव्हा कोर्सचा बॅकअप घेऊन गेली. पण अमरावतीची सिस्टीम होती नव्या आवृत्तीची आणि अकोल्याची जुनी. ती नव्यातलं काही घेईचना. मागं अमरावतीचं सगळं पुसून टाकलेलं. पोरगी डोकं धरून बसली.

म्हटलं, "बाई, माहे सोळा सोमवार मधातच मोडले होते. पहिल्यापासून धरले, झाले ना पुरे? तूही धर."

"कोर्स तयार हाय म्हणूनच त्यायनं मले घेतलं, अन् उद्या वर्ग हाय. महादेव थांबते वो आई, प्रिन्सिपल थांबते काय?"