डॅरियोचा खुराक

ओहायोतल्या एका औषधाच्या दुकानात लॉइड रांगेत उभा होता. तो गावच्या कॅनरीज या फुटबॉल संघाचा कोच होता; नऊ वर्षं चालून संघ गेल्या वर्षी बंद पडला. रांगेत त्याच्या पुढे अर्लीन मैत्रिणीशी बोलत होती. संघातली बाहेरगावची पोरं तिच्या घरी राहायची.

"आपला संघ म्हणजे वरच्या लीगमधल्या मोठ्या संघाची रोपवाटिकाच होती गं. पोरगं जरा चमकलं, की नेलंच. माझ्या घरातून चार गेले!"

"मग?"

"पाचवा डॅरियो. म्हटलं, याला नाही जाऊ द्यायचं. रोज सकाळी आठ पॅनकेक, वर लोण्याचा गोळा."

"अगं बाई! आणि?"

"असा सुटला, की धावताना धापा टाकायचा. शेवटी कोचनं त्याला गोलकीपर केलं."

"म्हणजे राहिला तुझ्याकडे!"

"कुठला! अख्खा गोल व्यापून उभा राहायचा. एक चेंडू आत जाईना. महिन्याभरात वरच्यांनी उचलला."

लॉइडला राहवेना. "अर्लीन, आणि मी त्या बिचाऱ्याला रोज दहा फेऱ्या जास्तीच्या पळवत होतो!"

अर्लीन वळली. "ठाऊक आहे, कोच. त्या फेऱ्यांनीच त्याला भूक दुप्पट लागायची. तुमचे उपकारच झाले."